स्वरज्ञान

ऐकलेला स्वर षड्जाच्या, म्हणजे ‘सा’च्या, नात्याने कोणता, हे वाद्याकडे न पाहता सांगता येणे म्हणजे स्वरज्ञान. गाणाऱ्यांच्या बोलीत यालाच ‘कान तयार होणे’ म्हणतात. हिंदुस्थानी संगीतात षड्जाची उंची ठरलेली नसते. पेटीची पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, ही पांढरी एकला सा मानून गाणाऱ्याचा पंचम असते, तर पांढरी दोनमध्ये गाणाऱ्याचा मध्यम. म्हणून सुटा स्वर वाजवून ‘ओळख’ म्हणण्यात अर्थ नाही. आधी सा कानात मुरावा लागतो.

त्यासाठी तानपुऱ्यासारखा गुरू नाही. खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा-ची, तार एकटीच छेडून ऐकत राहावे. आधी घुमतो तो सा. तो निवत जाताना वरून एक बारीक शुद्ध गंधार डोकावतो. हा त्या तारेचा पाचवा अंशस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा स्वर. नवशिक्याला तो बरेच दिवस ऐकू येत नाही. घोडीवरचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवरचा, दोरा केसभर सरकवून जवारी (तारेचा झंकार) खुलवली की मात्र स्पष्ट होतो, आणि एकदा सापडला की हरवत नाही. पेटीचा गंधार याहून सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या सातव्या हिश्शाइतका, चढा असतो. नुसत्या पेटीवर घडलेला कान इथे फसतो.

मुंबईत या शिक्षणाला शिस्त आली ती विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1908 मध्ये येथे सुरू केलेल्या गांधर्व महाविद्यालयामुळे आणि वाळकेश्वरला जन्मलेल्या संगीतशास्त्रज्ञ विष्णु नारायण भातखंड्यांच्या स्वरलिपीमुळे. मात्र कागदावरचे स्वर वाचता येणे म्हणजे कानाने ओळखणे नव्हे. शिकवणीत गुरू ‘आ’कारात दोन-तीन स्वर घेतात, शिष्याने ते सरगमात परत म्हणायचे. सा-प, सा-म पक्के झाल्यावर गंधार. कोमल रिषभ आणि तीव्र मध्यम त्यानंतर घेतलेले बरे. याच शहरात बहरलेल्या भेंडीबाजार घराण्याने मेरुखंडाचा मार्ग धरला: चार स्वर 24 प्रकारांनी उलटसुलट मांडायचे, सात घेतले तर 5040. ही केवळ पाठांतराची कसरत नाही. एकच स्वर दर वेळी वेगळ्या शेजाऱ्याबरोबर येतो, त्यामुळे तो कुठेही भेटला तरी ओळखू येतो.

खरी परीक्षा मारवा रागात. तिथे पंचम वर्ज्य, आणि षड्जही बराच वेळ टाळलेला. कोमल रिषभावर गायक रेंगाळला की कच्चा कान त्यालाच सा समजून बसतो. तयार कानाला न घेतलेला षड्ज आतून ऐकू येत राहतो.