क्रीडांगण आणि व्यायामशाळा अनुदान: अर्ज कुठे अडतो, आधी काय करून ठेवायचं

राज्याच्या क्रीडा विभागाच्या क्रीडांगण विकास आणि व्यायामशाळा विकास या दोन अनुदान योजनांसाठी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय अर्ज मागवतं. मैदान समपातळीत करणं, 200 किंवा 400 मीटरचा धावनमार्ग, कुंपण, खो-खो-कबड्डीची मैदानं, प्रसाधनगृह, पिण्याचं पाणी, व्यायामशाळेची इमारत आणि साहित्य अशा कामांना यातून पैसे मिळतात. ग्रामपंचायत, नगरपालिका, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळा, नोंदणीकृत क्रीडा मंडळं अर्ज करू शकतात. नोंदणी नसलेल्या तरुण मंडळानं स्वतःच्या नावानं अर्ज करू नये. ग्रामपंचायतीला पुढे करावं.

विहित नमुना भरणं, फोटो जोडणं, ठराव लावणं ही एका दुपारची कामं आहेत. अर्ज अडतो तो जागेच्या कागदावर.

गावात पोरं पिढ्यान् पिढ्या जिथे खेळतात ती जागा बहुतेक वेळा गायरान असते. सातबाऱ्यावर मालक म्हणून सरकारचं नाव असतं, ग्रामपंचायतीकडे फक्त देखभाल. सरपंच मोठ्या उत्साहानं ठराव देतात, पण त्या ठरावानं जागा मिळत नाही. गावाच्या सामाईक जमिनी राखण्याबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2011 च्या निकालानंतर आणि त्याच वर्षी जुलैमध्ये निघालेल्या शासन निर्णयानंतर गायरानाबाबत महसूल खातं फार सावध झालं आहे. त्यामुळे तहसीलमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव टाकावा लागतो आणि त्याला महिने लागतात. जाहिरात आल्यावर हे सुरू केलंत तर ते वर्ष गेलं असं समजा.

कुणी भल्या माणसानं जमीन दिली असेल तर साध्या स्टँपपेपरवरचं संमतीपत्र चालत नाही. बक्षीसपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. मग फेरफार. त्याच्या नोटिशीला हरकतीसाठी 15 दिवस द्यावे लागतात, तेही हिशेबात धरा. भाडेपट्टा एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा असेल तर तोही नोंदणीकृतच हवा, नोटरी केलेला नव्हे. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन, असं लिहिलं असेल, तर दस्त करण्याआधी तलाठ्याला विचारा की परवानगी कुणाची लागेल. माणसं मुद्रांक शुल्क भरून मोकळी होतात आणि मग कळतं की व्यवहारच धरला जाणार नाही. फार वाईट वाटतं तेव्हा.

दुसरी अडचण जुन्या तालमींची आणि मंडळांची. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखालचं आणि 1950 च्या विश्वस्त कायद्याखालचं अशी दोन्ही प्रमाणपत्रं फ्रेम करून भिंतीवर लावलेली असतात. पण धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीवर, नावं असतात ती कधीच वारलेल्या विश्वस्तांची. अर्जावर सही आजच्या अध्यक्षाची. तपासणारा कारकून दोन्ही नावं जुळवून पाहतो आणि फाईल परत. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपण म्हणतो तो चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. राहून गेला असेल तर विलंब माफीच्या अर्जासह आजच दाखल करा. मंजुरीला वेळ लागतो, तारखा पडतात. पण दाखल केल्याची पोच आणि प्रकरण क्रमांक हातात असला तर निदान बोलायला तोंड राहतं. लेखापरीक्षण अहवालाचंही तेच. मागच्या वर्षांचे हिशेब धर्मादायला सादर केल्याची पोच हवी, नुसती सीएची सही पुरत नाही.

अंदाजपत्रक चालू दरसूचीवर, म्हणजे बांधकामाच्या सरकारी दरांच्या यादीवर, हवं आणि त्यावर सक्षम अभियंत्याची तांत्रिक मान्यता हवी. शेजारच्या गावाचा जुना प्रस्ताव उतरवू नका. दर बदलतात, अनुदानाची कमाल मर्यादाही शासन निर्णयागणिक बदलत आली आहे. चालू शासन निर्णय छापून घ्या आणि कार्यालयात जाताना सोबत न्या.

आता मुदत. ‘अमुक तारखेपर्यंत’ म्हणजे त्या दिवशी कार्यालयात पोचलेला अर्ज, पोस्टात टाकलेला नव्हे. शिवाय पैसे बहुतेक जिल्हा वार्षिक योजनेतून येतात आणि 31 मार्चला आर्थिक वर्ष संपतं. मध्ये निवडणुकीची आचारसंहिता लागली तर नव्या मंजुऱ्या थांबतात. म्हणून पहिल्या आठवड्यात अर्ज द्या, त्रुटी दुरुस्त करायला वेळ उरतो.

त्रुटी एका वेळी एकच सांगायची ही काही कार्यालयांची सवय संतापजनक आहे. आज सातबारा जुना, पुढच्या खेपेला ठरावावर जावक क्रमांक नाही. चाळीस किलोमीटरवरून एसटीनं येणाऱ्या माणसाला असं हेलपाटायला लावणं अन्याय आहे. त्यावर एकच उपाय चालतो: ‘सर्व त्रुटी एकत्र लेखी कळवाव्यात’ असं अर्जासोबतच्या पत्रात लिहा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.

मंजुरी आली की काम सुरू होण्याआधीचे, चालू असतानाचे आणि झाल्यावरचे फोटो एकाच कोनातून काढून ठेवा. बिलं संस्थेच्याच नावानं घ्या, अध्यक्षांच्या नावानं नको. काम झाल्यावर पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं. ते राहिलं तर संस्थेचा पुढचा प्रस्ताव तिथेच थांबतो.