जुन्या सिंथेसायझरची ऊब व्हॅक्यूम ट्यूबमुळे येत नाही

जुन्या अॅनालॉग सिंथेसायझरच्या (विद्युत सर्किटने स्वर निर्माण करणाऱ्या वाद्याच्या) आवाजातील ऊब, म्हणजे कानाला जाणवणारा मऊ भरीवपणा, व्हॅक्यूम ट्यूबमुळे (तापून चालणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांमुळे) येते आणि म्हणूनच वाजवण्यापूर्वी तो तापू द्यावा लागतो, असे वर्षानुवर्षे सांगितले जाते. तापू देण्याची बाब खरी आहे, कारण मात्र चुकीचे आहे. हॅमंड कंपनीच्या १९३९ सालच्या नोव्हाकॉर्ड या सिंथेसायझरमध्ये १६३ ट्यूब होत्या. परंतु १९७० साली आलेला मिनिमूग आणि त्या दशकातील बहुतेक नामांकित सिंथेसायझर ट्रान्झिस्टरवरच चालतात.

ट्रान्झिस्टरचे बेस-एमिटर व्होल्टेज (त्याच्या दोन टोकांमधील विद्युतदाब) तापमानातील दर अंश सेल्सिअस वाढीमागे सुमारे २ मिलिव्होल्टने घटते, आणि स्वराची उंची ठरवणारे सर्किट याच गुणधर्मावर बेतलेले असल्याने, आतील तापमान स्थिरावेपर्यंत स्वर सरकत राहतो. पट्टी जुळवण्याची घाई करणाऱ्याला ती थोड्याच वेळात पुन्हा जुळवावी लागते, ती यामुळेच.

ऊब म्हणावी तर ती मुख्यतः ऑसिलेटरमधील (स्वर निर्माण करणाऱ्या सर्किटांमधील) किंचित फरकातून येते: ४४० आणि ४४१ हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजवले, तर आवाज दर सेकंदाला एकदा फुगतो आणि ओसरतो. मिनिमूगमध्ये असे तीन ऑसिलेटर आहेत. त्यांचा एकत्रित सिग्नल जोरात फिल्टरमध्ये (आवाजातील काही कंपने गाळणाऱ्या सर्किटमध्ये) सोडला, की तेथील शिडीसारखी जोडलेली ट्रान्झिस्टरची रचना सिग्नलच्या लहरींची टोके हळुवार दाबते. ट्यूबची आठवण करून देणारा गोलावा बहुधा तोच.