रायफलीचा धक्का आणि खांद्याला लागणारा मार: या दोन गोष्टी वेगळ्या आहेत

परवान्याची रायफल बाळगणाऱ्या माणसाला आमच्या सोलापूर भागात एक प्रश्न ठरलेला असतो: "किक किती बसते?" उत्तर देणारा मग दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कालवून सांगतो. ऐकणारा तेच घेऊन मोहोळला, बार्शीला, अक्कलकोटला जातो आणि पुढच्याला सांगतो. "रबरी पॅड बसवलं, आता रायफल निम्मीच मागे येते." "नळीच्या तोंडाला लावलेल्या ब्रेकनं काही होत नाही, नुसता भास असतो." "पोरगा नवीन आहे, त्याला ढिली धरू दे, मार कमी लागेल." पहिली दोन वाक्यं चुकीची आहेत. तिसरं चुकीचं आहेच, शिवाय त्यानं पोराला इजा होते.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट. शिकारीची रायफल म्हटलं की लोकांच्या डोळ्यापुढे जनावर येतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झालेली आहे, आणि नान्नजच्या माळावर माळढोक आणि काळवीट ज्यानं डोळे भरून पाहिले आहेत त्याला त्याचं वाईट वाटू नये. इथे विषय आहे तो पीक संरक्षणाच्या किंवा स्वसंरक्षणाच्या परवान्यावर घरात असलेली ३१५ बोअर किंवा ३०-०६ (ही काडतुसांची मापं, रायफली त्यांच्याच नावानं ओळखतात), आणि रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानावर, मोठ्या बोअरची नेमबाजी करणारे, यांचा.

धक्का म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून पटकन उरकतो. गोळी पुढे जाते, रायफल मागे येते, न्यूटनचा तिसरा नियम. फक्त एक गोष्ट बहुतेकजण विसरतात: पुढे नुसती गोळी जात नाही, जळालेल्या दारूचा वायूही जातो, आणि तो गोळीपेक्षा कितीतरी वेगानं जातो. ३०-०६चं उदाहरण घ्या. ११.७ ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगानं निघते, मागे सुमारे ३.६ ग्रॅम दारूचा वायू. रायफल ३.६ किलोची असेल तर ती सेकंदाला चार मीटरच्या आसपास वेगानं मागे येते आणि तिच्यात ३० जूलच्या घरात ऊर्जा असते. तीच रायफल दुर्बीण वगैरे धरून साडेचार किलोची झाली, की ऊर्जा २४ जूलवर येते. ३७५ मॅग्नमसारखं आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांसाठीचं काडतूस चार किलोच्या रायफलीतून झाडलं, तर हा आकडा ५० ते ६० जूलपर्यंत जातो.

हा झाला धक्का. काडतूस आणि रायफलीचं वजन ठरलं की तोही ठरला. झाडणारा पैलवान असो की कॉलेजातली मुलगी, त्याला फरक पडत नाही.

मार ही वेगळी गोष्ट आहे. तीच ३० जूल ऊर्जा तुमच्या अंगात किती वेळात, किती जागेवर आणि कुठल्या हाडा-मांसावर उतरते, त्यावर मार ठरतो. ढोबळ हिशेब करून बघा. रायफल थांबेपर्यंत खांदा दोन सेंटिमीटर दबला, तर सरासरी जोर दीडशे किलो वजनाइतका पडतो. चांगलं मऊ पॅड आणखी दीड सेंटिमीटर दबलं, तर तोच जोर नव्वद किलोच्या खाली येतो. ऊर्जा तेवढीच, रायफलही तेवढ्याच वेगानं निघाली. पॅडनं धक्का कमी केला नाही, मार कमी केला, आणि तेही भरपूर. म्हणून पॅडला नावं ठेवू नका, पण त्याच्या नावावर भलतं श्रेयही मांडू नका. जुन्या रायफलींच्या दस्त्यामागे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या लाकडी भागामागे, लोखंडी किंवा पितळी पट्टी असते. ती दबत नाही आणि तिच्या कडा टोचतात. ती काढून पॅड बसवणं हा मला सगळ्यात चांगला खर्च वाटतो.

सोलापुरात पॅडऐवजी आपली चादर चौघडी करून खांद्यावर टाकायची पद्धत आहे. मला ती आवडत नाही. चादर घसरते, दर गोळीला दस्ता नव्या जागी बसतो, आणि चौघडीच्या जाडीनं रायफल डोळ्यापासून लांब जाते, मग माणूस मान ताणून नेम धरतो. मे महिन्यात अंगात फक्त मलमलचा अर्धा शर्ट असतो आणि पॅड घ्यायचं राहून गेलेलं असतं, हे मान्य. पण मग शर्टाच्या आतून खांद्यावर पक्की बसणारी गादी शिवून घ्या. आपल्या गावात शिवणाऱ्यांची वाण नाही.

आता ज्या मुद्द्यावर सगळे अडखळतात तो. घट्ट की ढिली?

ढिली धरायला सांगणाऱ्यांचं म्हणणं असं, की रायफल जरा सैल असली की धक्का हवेतच जिरतो आणि अंगापर्यंत कमी पोचतो. ऐकायला पटतं, घडतं मात्र उलटं. काडतूस फुटल्यावर गोळी नळीत फार तर एक-दीड मिलिसेकंद असते. ती बाहेर पडेपर्यंत रायफल सुमारे दोन मिलिमीटर मागे सरकलेली असते आणि तिला बहुतेक वेग मिळालेला असतो. गोळीमागून वायू सुटला की उरलेला वेगही मिळतो. आता दस्ता आणि खांदा यांच्यात बोटभर फट ठेवली असेल, तर त्या फटीत रायफलीला अडवणारं काहीच नाही. ती सेकंदाला चार मीटरचा आपला पूर्ण वेग घेते आणि मग येऊन खांद्यावर आदळते. हवेत काही जिरलेलं नसतं.

खांदा आधीपासून दस्त्याला चिकटलेला असेल, तर रायफल सुटतानाच तिच्यामागे खांदा आणि छातीचं वजन लागतं. अंग मऊ आहे, सगळं शरीर एकदम जोडलं जात नाही, हे खरं. पण पहिले काही किलो जोडले गेले तरी चालतात. साडेतीन किलोऐवजी जड वस्तू हलवावी लागते, वेग पडतो आणि उरलेली ऊर्जा अंग मागे झुलण्यात खर्च होते. बाजार समितीत कांद्याची गोणी उतरवणारा हमाल बघा. पाठ गोणीला लावूनच तो ती अंगावर घेतो. तीच गोणी वीतभर वरून त्याच्या पाठीवर सोडा, तो गुडघ्यावर येईल. पन्नास किलो दोन्ही वेळा पन्नासच असतात.

माझ्या बघण्यातला एक प्रसंग आहे. एका गृहस्थांनी भाच्याला "ढिली धर रे, घाबरू नको" म्हणत ३१५ दिली. दस्ता दंडावर टेकलेला, मान मागे, मधे फट. गोळी सुटली आणि दस्ता दंडावर बसला. पोराचा दंड संध्याकाळपर्यंत जांभळा पडला आणि त्यानं पुन्हा रायफलीला हात लावला नाही. त्या ३१५चा धक्का ३०-०६पेक्षा जास्त नसतो. त्या दिवशी मार मात्र दुप्पट लागला, आणि तो रायफलीनं नाही, सल्ल्यानं दिला.

घट्ट म्हणजे आवळून नव्हे, हेही तितकंच महत्त्वाचं. मनगटं पांढरी होईपर्यंत दाबलं की हात थरथरतो आणि नेम जातो. दोन्ही हातांनी रायफल सरळ मागे, खांद्याच्या खोबणीत, एकसारखी ओढून धरायची. खोबण म्हणजे कॉलरबोन आणि दंडाचा गोळा यांच्या मधली मऊ जागा. हाडावर टेकली तर हाड दुखेल, दंडावर टेकली तर वरचा प्रसंग. वजन पुढच्या पायावर, अंग किंचित पुढे झुकलेलं, मान मोकळी, गाल दस्त्याला नीट टेकलेला. गाल हवेत तरंगत असेल तर दस्ता वर उसळून गालफडावर बसतो. दुर्बिणीला डोळा चिकटवून बसणाऱ्यांच्या भुवया फुटतात. डोळा आणि दुर्बीण यांत आठ-नऊ सेंटिमीटर अंतर राहिलंच पाहिजे.

उभं, बसून, झोपून यांतला फरक थोडक्यात. उभ्यानं अंग झुलतं म्हणून मार कमी. टेबलावर छाती टेकवून बसलात की झुलायला जागा नाही, म्हणून जास्त. पोटावर झोपून सगळ्यात जास्त. निवडणुकीला जमा केलेली रायफल पोलीस ठाण्यातून परत आली की लोक टेबलावर बसून चार गोळ्या झाडून बघतात आणि "हिची किक वाढली" म्हणतात. किक वाढलेली नसते, बसणं बदललेलं असतं. टेबलावरून झाडायचंच असेल तर दस्ता आणि खांद्यामध्ये वाळूची छोटी पिशवी घट्ट धरा. वजनं लादून रायफल जागेवर जखडणारे स्टँड मी वापरू देत नाही. रायफलीला मागे यायला वावच मिळाला नाही तर सगळा ताण लाकडावर येतो आणि दस्ता चिरतो.

आता ब्रेक. नळीच्या तोंडाला लावायचा, बाजूला भोकं असलेला हा तुकडा. "भासच कमी होतो" असं याच्याबद्दल म्हणतात. खरं तर बाजारात मिळणाऱ्या वस्तूंत धक्का स्वतःच कमी करणारी हीच एक, वजन सोडल्यास. वर सांगितलेल्या ३०-०६च्या हिशेबात मागे ढकलणाऱ्या एकूण जोरापैकी जवळजवळ एक तृतीयांश नुसत्या वायूचा असतो. ब्रेक तो वायू पुढे जाऊ न देता बाजूला वळवतो. सगळा वळला असता तर रायफलीचा वेग एक तृतीयांशानं आणि ऊर्जा निम्म्याहून खाली आली असती, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गानं घटते. प्रत्यक्षात चांगल्या ब्रेकनं ऊर्जा तीस ते पन्नास टक्के कमी होते.

तरीही मी ब्रेकची शिफारस करत नाही, आणि याचं कारण खांद्याला नाही, कानाला विचारा. मोठ्या रायफलीचा आवाज नळीच्या तोंडाशी १६० डेसिबलच्या आसपास असतो. १४०च्या पुढचा असा एकच स्फोट कानाला कायमची इजा करू शकतो. ब्रेक तो आवाज बाजूला आणि मागे, म्हणजे तुमच्याकडे आणि शेजारच्याकडे वळवतो. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही. रेंजवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाला न विचारता ब्रेकची रायफल झाडणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. बसवायचाच असेल तर परवानाधारक बंदूक-कारागिराकडून बसवा. लेथवर आटे पाडणारा भेटला म्हणून नळी त्याच्या हाती देऊ नका. आणि "नळी जरा छोटी केली की हलकी होते" म्हणणाऱ्यापासून लांब राहा. हलकी रायफल जास्त जोरात मागे येते, आणि परवान्याशिवाय नळी कापणं १९५९च्या शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. परवान्याशिवाय हलकं काडतूस घरी भरायचा मार्गही त्याच कायद्यानं बंद.

कानाचा विषय निघालाच आहे, तर माराचा मोठा वाटा खांद्याचा नसून कानाचा असतो हे सांगायला हवं. नवख्या माणसाच्या कानात फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, असं दुहेरी घातलं की तोच माणूस तीच रायफल झाडून "हिची किक कमी आहे का?" असं विचारतो. कापसाचा बोळा चालत नाही. कापूस आवाज अडवत नाही, अडवल्याचं समाधान देतो.

दुहेरी कान, नीट बसणारं पॅड आणि खांद्याला चिकटलेला दस्ता, या क्रमानं पैसा आणि मेहनत घाला. दुर्बीण नंतर. ब्रेक सगळ्यात शेवटी, आणि एकटे झाडत असाल तरच.

एवढं करूनही गोळी खाली-डावीकडे जात असेल तर "धक्क्यानं नेम हलतो" असं म्हणू नका. गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल दोन मिलिमीटर सरकते हे वर आलंच आहे. नेम हलवतं ते दचकणं, आणि दचकणं धक्क्याच्या आधी येतं. अंगाला मागचा मार आठवतो, म्हणून चाप ओढता ओढताच डोळे मिटतात आणि खांदा पुढे जातो. हे पकडायला डमी, म्हणजे न फुटणारं खोटं काडतूस लागतं. रेंजवर, नळी निशाणाकडेच ठेवून, जोडीदारानं तुम्हाला न दाखवता कधी खरं काडतूस भरावं, कधी डमी. डमीवर चाप ओढल्यावर नळीचं तोंड जागेवर राहिलं तर ठीक. खाली डुचकी मारली तर त्या दिवशी मोठी रायफल बाजूला ठेवा आणि बावीस बोअर किंवा एअर रायफलवर चाप ओढायचा सराव करा. परवान्यावर काडतुसं मोजकी मिळतात आणि महाग असतात. ती दचकायची सवय पक्की करण्यात घालवू नका. दुसऱ्या दिवशी पुन्हा डमीनंच सुरुवात करायची, आणि तोंड सलग स्थिर राहू लागल्यावरच जोडीदारानं मधे खरं काडतूस टाकायचं.