चार पावसाळे काढेल असं सर्किट

घरी बनवलेलं यंत्र मार्चमध्ये टेबलावर छान चालतं, मे महिन्यात गच्चीवरही चालतं आणि जुलैत अचानक वेड्यासारखं वागू लागतं. पंप आपोआप सुरू होतो, वाय-फाय तुटतं, आर्द्रतेचा सेन्सर ९९.९ टक्के दाखवून तिथंच अडकतो. मग कोड तपासण्यात आठवडे जातात. गोव्यात मात्र कोडवर संशय घेण्याआधी पेटीचं झाकण उघडून बोर्ड भिंगाखाली धरावा. हिरवट डाग, पांढरी भुकटी, मुंग्यांची अंडी, यांपैकी काहीतरी सापडण्याची शक्यता जास्त.

उदाहरणादाखल इथल्या बहुतेक घरांना उपयोगी पडेल असा प्रकल्प घेऊ. विहिरीवर एक अश्वशक्तीचा पंप, गच्चीवर १००० लिटरची टाकी आणि टाकी भरली की पंप बंद करणारा ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला, कोड लिहून चालवायचा छोटा बोर्ड. याची शेकडो सर्किटं इंटरनेटवर मिळतात. त्यातली बरीचशी कोरड्या खोलीत, एका संध्याकाळपुरती चालवून पाहिलेली असतात. दिवाळीतल्या नरकासुराच्या पुतळ्याचे हात हलवायचे असतील किंवा चवथीच्या देखाव्यात दिवे नाचवायचे असतील, तर तेवढं पुरतं. टाकीवरच्या सर्किटला मात्र वर्षभर राबायचं असतं.

मीठ आणि ७५ टक्के

पावसाळ्यात किनारपट्टीवर हवेची सापेक्ष आर्द्रता सहज ८५ टक्क्यांच्या वर असते आणि वाऱ्याबरोबर मिठाचे सूक्ष्म कण येतात. साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की हवेतली वाफ ओढून घेतं आणि त्या पाण्यात स्वतःच विरघळतं. समुद्राच्या मिठात थोडं मॅग्नेशियम क्लोराइडही असतं. ते तर ३३ टक्क्यांपासूनच ओलं होतं, म्हणजे गोव्यात जवळपास बाराही महिने. बोर्डवर पाण्याचा थेंब पडायची गरजच नाही. धुळीबरोबर बसलेलं मीठ स्वतःचं पाणी स्वतः जमवतं.

हे खारं पाणी वीजवाहक असतं. तांब्याच्या दोन शेजारच्या पट्ट्यांमध्ये ५ व्होल्टचा फरक असेल, तर धन बाजूचा धातू विरघळून ऋण बाजूकडे सरकतो आणि तिथे बारीक तंतूंच्या रूपात साचत जातो. एखादा तंतू पलीकडे पोचला की शॉर्ट होतो. कधी तो त्याच प्रवाहाने जळून जातो आणि सर्किट पुन्हा ‘बरं’ होतं. येणारा-जाणारा दोष म्हणून आपण ज्याला शिव्या देतो, त्याचं एक कारण हे. त्याआधीच्या टप्प्यात नुसती गळती असते. मेगाओहमचे रोध (रेझिस्टर) वापरून बॅटरीचा व्होल्टेज मोजत असाल, तर ओलसर बोर्डचा स्वतःचा रोधही तेवढ्याच घरात येतो आणि आकडा खोटा निघतो. म्हणून विभाजकासाठी, म्हणजे व्होल्टेज वाटून कमी करणाऱ्या दोन रोधांच्या जोडीसाठी, १०० किलोओहमच्या आसपासचे रोध घ्या. इनपुट पिनना आतल्या पुल-अपच्या (पिनला धन व्होल्टेजकडे ओढून धरणाऱ्या रोधाच्या) भरवशावर न सोडता बाहेरून ४.७ ते १० किलोओहमचा पुल-अप द्या. ईएसपी३२ च्या ३४ ते ३९ या पिनना तर आतला पुल-अप नसतोच.

आता एक हिशेब. बाहेर ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू साधारण २७ अंश असतो. रात्री पेटीचं झाकण तीनच अंशांनी थंड झालं, की आतून दव धरतं. उलट पेटीतली हवा पाच अंशांनी गरम, म्हणजे ३५ अंशांवर ठेवली, तर त्याच वाफेची सापेक्ष आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास उतरते. ही ७५ च्या खालची बाजू. कॅमेऱ्याच्या कपाटात छोटा बल्ब लावून ठेवतात, त्यातलंच हे तत्त्व. म्हणूनच दिवसरात्र चालू असलेलं यंत्र टिकतं आणि पावसाळ्यात ‘खराब होऊ नये’ म्हणून बंद करून ठेवलेलं आधी मरतं. पेटीतलं सर्किट फारसं तापत नसेल, तर ५ व्होल्टवर ४७ ओहमचा २ वॉटचा रोध कायम जोडून ठेवा. सुमारे अर्धा वॉट उष्णता मिळते आणि लहान पेटीला ती पुरते. मात्र तो रोध सेन्सर आणि इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर यांच्यापासून लांब हवा, कारण कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मं होतं. विकत घेताना ८५ ऐवजी १०५ अंशांचे कपॅसिटर घ्या. किमतीत फार फरक नसतो.

ब्रेडबोर्ड आणि जंपर वायर फक्त चाचणीपुरते. त्यांच्या स्प्रिंगचा पृष्ठभाग काळवंडला की जोडणी बेभरवशाची होते. चाचणी झाली की सगळं झिरो पीसीबीवर (भोकांच्या ओळी असलेल्या बोर्डवर) सोल्डर करा, ६३/३७ किंवा ६०/४० सोल्डरने, टोक ३३० ते ३५० अंशांवर ठेवून. नळजोडणीसाठी मिळणारी आम्लयुक्त पेस्ट बोर्डला लावू नका. तिच्यातली क्लोराइडं मागे राहतात आणि समुद्राचं काम घरबसल्या करतात. रोझिनचाच फ्लक्स (सोल्डर नीट धरण्यासाठी लावायचं द्रव्य) घ्या आणि तोही नंतर धुऊन काढा. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन दोनदा घासा. दुसऱ्या वेळी अल्कोहोल ताजं हवं, नाहीतर पहिल्या वेळचीच घाण पसरते. मग बोर्ड ६० अंशांवर अर्धा तास सुकवा आणि अॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचे (बोर्डवरच्या संरक्षक लेपाचे) दोन पातळ थर मारा, मध्ये वीसेक मिनिटं सोडून. कनेक्टर, बटणं, रिलेची (विजेने चालणाऱ्या स्विचची) भोकं, सेन्सर आणि ईएसपी३२ ची अँटेना आधी टेपने झाका. न धुता कोटिंग मारलं तर मीठ आतच कोंडलं जातं. कोटिंग वाफेला पूर्ण अडवत नाही, फक्त उशीर करतं. त्यामुळे असं करण्यापेक्षा कोटिंग न मारलेलं बरं.

टाकीत काय सोडायचं

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पाण्यात सोडलेल्या दोन तारा, आणि सर्वांत वाईटही तोच. त्यांच्यात सतत डीसी वाहिला की विद्युत विघटन सुरू होतं. धन तार झिजते, ऋण तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे येतात आणि झिजलेलं तांबं पिण्याच्या पाण्यात जातं. स्टीलच्या सळ्या जास्त टिकतात, पण डीसीखाली त्यांतूनही लोह, क्रोमियम, निकेल सुटतं. सळ्याच वापरायच्या असतील तर ३१६ दर्जाचं स्टील घ्या. दर दहा सेकंदांनी फक्त १० मिलिसेकंद वीज द्या आणि पुढच्या वेळी दिशा उलटी करा. दोन पिन आणि एक १० किलोओहमचा रोध एवढ्यावर हे जमतं.

अल्ट्रासॉनिक सेन्सर दिसायला आधुनिक आहे. पण एचसी-एसआर०४ चे उघडे डोळे टाकीतल्या वाफेत फार दिवस टिकत नाहीत. जलरोधक जेएसएन-एसआर०४टी घेतलात, तर त्याला २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं काही दिसत नाही. पूर्ण भरलेल्या पाण्याची पातळी सेन्सरपासून त्याहून खाली राहील अशा उंचीवर तो बसवावा लागतो. त्याच्या तोंडावर दवाचे थेंब साचले की भलतेच आकडे येतात. पाच वाचनांपैकी मधलं घ्यायचं, सरासरी नाही. सरासरीत एक खोटा आकडा सगळं बिघडवतो. ध्वनीचा वेग दर अंशाला सेकंदाला ०.६ मीटरने वाढतो. २० अंशांचा ३४३ हा आकडा कोडमध्ये तसाच ठेवला, तर उन्हाने ३५ अंशांवर गेलेल्या टाकीत एक मीटरमागे अडीच सेंटिमीटरची चूक होते. दोन्ही मॉड्यूलची एको पिन ५ व्होल्ट देते आणि ईएसपी३२ ला ३.३ च सोसतात. १ आणि २ किलोओहमचा विभाजक मध्ये घाला.

माझा कौल साध्या फ्लोट स्विचला. प्लास्टिकच्या तरंगत्या गोळ्यात चुंबक आणि दांड्यात बंद काचेतला रीड संपर्क, म्हणजे गंजायला उघडं काही नाही. एक वर, एक खाली, असे दोन लावा आणि पंप त्यांच्यावरच चालवा. अल्ट्रासॉनिक हवा असेल तर मोबाइलवर लिटर बघण्यापुरता ठेवा. गच्चीपासून पंपापर्यंत वीस-तीस मीटर वायर जात असेल, तर ती थेट पिनला जोडू नका. स्वतंत्र १२ व्होल्टच्या पुरवठ्यावरून, १.२ किलोओहमच्या रोधातून पीसी८१७ या ऑप्टोकपलरमध्ये (प्रकाशाने संकेत देऊन दोन बाजू विजेपुरत्या वेगळ्या ठेवणाऱ्या भागात) आणा. जवळपास ९ मिलिअँपिअर वाहतात. मे आणि ऑक्टोबरच्या संध्याकाळी विजा चमकताना अशा लांब वायरीत जो झटका उमटतो, त्यात मग ऑप्टो जातो, बोर्ड बहुधा वाचतो. जवळच वीज पडली तर काहीच वाचत नाही, तेव्हा प्लग काढणंच खरं.

पंपाची बाजू

हा भाग परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच) असल्याशिवाय सुरूच करू नका. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात सुकली की तिचा रोध वाढतो आणि अर्थिंग नावापुरतं उरतं. मार्च ते मे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा.

निळ्या रिलेवर १० अँपिअर छापलेलं असतं, पण ते बल्ब-हीटरसारख्या भारासाठी. एक अश्वशक्तीची मोटर चालताना ५ ते ७ अँपिअर घेते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट. रिलेचे संपर्क एके दिवशी वितळून चिकटतात, पंप बंदच होत नाही आणि गच्चीवरून पाणी वाहतं. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठ्या भाराच्या रिलेची) कॉइल चालवावी आणि कॉन्टॅक्टरने मोटर. मोटरच्या भारासाठी, म्हणजे एसी-३ वर्गात, किमान ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर घ्या. त्याच्या कॉइलला समांतर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा एक्स२ (घरच्या एसी लाइनवर चालणारा) कपॅसिटर एकापाठोपाठ जोडून लावा. तो नसेल तर पंप बंद होताना ईएसपी३२ रीसेट होतो आणि लोक त्याचा दोष वाय-फायला देतात.

काही रिले मॉड्यूल ३.३ व्होल्टच्या संकेताने पूर्ण सुटत नाहीत, कारण त्यांच्या ऑप्टोला ५ व्होल्ट मिळत असतात आणि मधे १.७ व्होल्ट उरतात. जंपर काढून व्हीसीसीला (संकेताच्या बाजूला) ३.३ आणि जेडी-व्हीसीसीला (रिलेच्या कॉइलला) ५ व्होल्ट द्या. रिलेसाठी २५, २६, २७, ३२, ३३ यांपैकी पिन निवडा. बाकीच्या काही पिन बोर्ड सुरू होताना क्षणभर स्वतःहून वर जातात.

वीजपुरवठ्यात आधी १ अँपिअरचा फ्यूज, मग ३०० व्होल्ट एसीचा व्हॅरिस्टर (व्होल्टेजचे झटके गिळणारा भाग), जो दुकानात १४डी४७१ या नावाने मिळतो, आणि मग ५ व्होल्टचं मॉड्यूल. क्रम बदलू नका. व्हॅरिस्टर शॉर्ट होऊन मरतो, तेव्हा उडायला त्याच्या आधी फ्यूज हवा. वाय-फाय पाठवताना ईएसपी३२ क्षणभर २५० मिलिअँपिअरच्या पुढे जातो, म्हणून बोर्डजवळ ४७० मायक्रोफॅरड ठेवा. झिरो पीसीबीच्या शेजारी-शेजारी भोकांवर २३० व्होल्ट आणि ५ व्होल्ट आणू नका. अंतर अडीच मिलिमीटरच असतं आणि वर ओलसर धूळ. मधल्या तीन ओळींचं तांबं खरवडून टाका.

एप्रिल-मेमध्ये विहीर खाली गेली की पंप कोरडा फिरतो. एससीटी-०१३-०३० हा चिमटा-सेन्सर वायरीभोवती लावून प्रवाह मोजता येतो. ३० अँपिअरला १ व्होल्ट मिळतो. पण कोरड्या मोटरचा प्रवाह शून्य होत नाही. लहान एकफेजी मोटर रिकामी फिरतानाही अर्ध्याहून अधिक प्रवाह घेऊ शकते, त्यामुळे मर्यादा दुसऱ्याच्या कोडमधून उचलू नका. पाणी असतानाचा प्रवाह मोजा, विहिरीत पाणी कमी झाल्यावर काही सेकंदच पंप चालवून पुन्हा मोजा आणि मधला आकडा ठेवा. सेन्सर ३२ ते ३९ मधल्या पिनवरच जोडा, कारण वाय-फाय चालू असताना दुसऱ्या गटातल्या पिनांचा एडीसी (व्होल्टेज मोजणारा भाग) चालत नाही. कोडमध्ये वेळेची कमाल मर्यादाही हवीच. टाकी अर्ध्या तासात भरत असेल तर चाळिसाव्या मिनिटाला पंप बंद, सेन्सर काहीही सांगो.

पेटी

आयपी६५ दर्जाची, म्हणजे धूळ आणि पाण्याचे फवारे अडवणारी, पेटीही श्वास घेते. दिवसा तापून हवा बाहेर जाते, रात्री थंड होताना ओली हवा आत येते. पूर्ण बंद करण्याच्या हट्टापेक्षा तळाला ३ मिलिमीटरचं एक भोक आणि त्यावर बारीक जाळी बरी. पाणी निघून जातं आणि मुंग्या बाहेर राहतात. केबल खालून आत घ्या, ग्लँडपाशी (केबल घट्ट धरणाऱ्या बुचापाशी) तिला लोंबता वळसा द्या. साध्या केबलला पीजी७ ग्लँड पुरतो, तो ३ ते ६.५ मिलिमीटरची केबल धरतो. फटी बुजवताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. सुकताना ते अॅसिटिक आम्ल सोडतं आणि बंद पेटीत तांबं हिरवं करतं. ‘न्यूट्रल क्युअर’ मागून घ्या. सिलिका जेलच्या पुड्या काही दिवसांत भरतात. १२० अंशांवर दोन तास तापवल्या की पुन्हा कामाला लागतात, पण ते करायला कोणी चढणार नसेल तर गरम रोधच बरा.

काही बनवण्याआधी व्होकवी या ऑनलाइन सिम्युलेटरवर ईएसपी३२ चा कोड आणि फॅल्स्टॅडच्या सिम्युलेटरवर विभाजक, ऑप्टो वगैरे विनाखर्च तपासता येतात. बोर्ड आखायला कीकॅड मोफत आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये आर्डुइनोचे धडे आहेत, आणि त्या प्रकल्पाच्या अनेक मालिका मराठीतही ऐकता येतात. शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर मल्टीमीटर आणि सोल्डरिंगचा हात तिथेच बसवून घ्यावा.

कुळागरातल्या (सुपारी-नारळाच्या बागेतल्या) पंपापर्यंत घरचं वाय-फाय पोचत नाही, २.४ गिगाहर्ट्झला ओली पानं फार अडवतात. तिथे लोरा या लांब पल्ल्याच्या रेडिओचं मॉड्यूल घ्या. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा ठरलेल्या शक्तीच्या मर्यादेत विनापरवाना वापरता येतो. म्हणून ८६८ चं मॉड्यूल घेऊन वारंवारता कोडमध्ये ८६६ करा; परदेशी उदाहरणांतला ९१५ चा आकडा तसाच ठेवू नका. आणि अँटेना जोडल्याशिवाय मॉड्यूलला संदेश पाठवायला लावू नका, त्याचा अॅम्प्लिफायर जळू शकतो.