आधी दारू सुटली की आधी आजार आला?

माझी पुतणी राज्यसेवेची तयारी करते. परवा सी-सॅटच्या, म्हणजे आकलन आणि तर्काच्या पेपरच्या, सरावात तिचा एक प्रश्न चुकला. ‘अजिबात दारू न पिणाऱ्यांपेक्षा थोडी पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण कमी आढळलं, म्हणून थोडी दारू प्रकृतीला चांगली. हा युक्तिवाद सर्वाधिक कमकुवत करणारं विधान कोणतं?’ तिने निवडलं, ‘दारूने यकृत खराब होतं.’ विधान खरंच आहे, पण आकड्यांतली ही तफावत आली कुठून, ते त्यातून कळत नाही. बरोबर उत्तर होतं, ‘न पिणाऱ्यांपैकी अनेकांनी आजारपणामुळे दारू सोडली होती.’

प्रश्न हवेतला नाही. ब्रिटनमधल्या २४ शहरांतल्या, ४० ते ५९ वयाच्या ७,७३५ पुरुषांची पाहणी झाली होती. मृत्यूंचा आलेख ‘यू’ अक्षरासारखा आला: न पिणारे आणि भरपूर पिणारे वर, मधले खाली. १९८८ मध्ये संशोधक ए. जी. शेपर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हा आकार दिसतो तो सुरुवातीलाच हृदय-रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्यांत. म्हणजे माणूस प्यायचा, छातीत दुखू लागलं, डॉक्टरांनी दम भरला, त्याने पेला खाली ठेवला. पाहणीत त्याची नोंद ‘न पिणारा’ अशी झाली आणि त्याचा मृत्यू न पिण्याच्या खात्यावर पडला! आजाराने दारू सोडवली होती. वाचणाऱ्याने कारणाकडून परिणामाकडे जाणारा बाण उलटा काढला. ‘रोज एक पेग हृदयाला चांगला’ म्हणणारे फॉरवर्ड हे कधी सांगत नाहीत.

असाच उलटा बाण बेडूक आणि पावसातही काढला जातो. विदर्भात पाऊस लांबला की बेडूक बांधून ‘धोंडी धोंडी पाणी दे’ म्हणत गावभर फिरवतात. बेडूक ओरडतात ते पाऊस पडून डबकी भरल्यावर, मादीला साद घालायला. त्या मुक्या जिवाचे हाल करून ढग येत नाहीत.

म्हणून परीक्षेत अशा प्रश्नाचे पर्याय वाचण्याआधी ‘अ मुळे ब’ हे ‘ब मुळे अ’ असं वाचून बघायचं, मग आधी काय घडलं ते विचारायचं. इथेच खरी गोम आहे. नोंद आधी झाली म्हणजे घटना आधी घडली असं नाही. आजार निदानाच्या कितीतरी वर्षं आधीपासून आत मुरत असतो आणि सवयी बदलत असतो. त्यामुळे संशोधक पाहणीच्या पहिल्या काही वर्षांतले मृत्यू वगळून गणित पुन्हा मांडतात. तेवढ्याने संबंध फिका पडला, तर बाण उलटा असल्याचा संशय बळावतो.