स्वतंत्र चित्रपटाचा अभिनेता-निर्माता (पुणे)

वाहिनी, स्टुडिओ किंवा वितरकाच्या आगाऊ पैशाशिवाय चित्रपट काढणारा आणि त्यात स्वतः भूमिका करणारा नट. पुण्यात हा प्रकार रुजला तो मुख्यतः रंगभूमीमुळे. प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये कोल्हापूरहून इथे आली आणि तिच्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, हे खरे. पण असा नट घडतो तो बहुधा भरत नाट्य मंदिरात, १९६३ पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेच्या धामधुमीत. एकांकिकेसाठी ज्याने सेटचे फ्लॅट (भिंती म्हणून उभ्या करायच्या चौकटी) टेम्पोत चढवले आणि वर्गणीचा हिशोब ठेवला, त्याला निर्मितीची निम्मी कामे येतात. उरलेली निम्मी कागदावरची असतात, आणि चित्रपट अडतो तो तिथेच.

ठळक उदाहरण डॉ. मोहन आगाशे यांचे. सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर दिग्दर्शित 'कासव'चे ते एक निर्माते होते आणि त्यात त्यांची भूमिकाही होती. नैराश्यावरच्या या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे २०१६ सालचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. विषय त्यांच्या पेशातलाच.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा 'कर्ता' निर्माताच असतो, पण कथा-पटकथा त्याच्या मालकीची आपोआप होत नाही. हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी लागते. करारात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. 'कथा आपल्या मित्राचीच आहे' या भरवशावर राहिलेल्याला हे कळते ते ओटीटीवाले कागद मागतात तेव्हा. मानधन 'नंतर बघू' असेल, तर ते कोणत्या रकमेतून आणि कोणाच्या आधी, हेही लिहावे.

चित्रीकरणात खरी अडचण तारखांची. सहकलाकारांचे प्रयोग शनिवार-रविवारी, म्हणून शूट सोमवार ते शुक्रवार आणि तेही तुकड्यातुकड्यांत. मधल्या काळात नाटकासाठी कोणी दाढी काढली की कंटिन्युइटी, म्हणजे शॉटाशॉटांतला सारखेपणा, गेली. निर्मात्याने स्वतःची दृश्ये सलग दिवसांत लावावीत आणि त्या दिवशी फोन लाइन प्रोड्यूसरकडे, म्हणजे सेटवरचा रोजचा खर्च आणि व्यवस्था पाहणाऱ्याकडे, द्यावा; जनरेटरवाल्याशी घासाघीस करून आलेला चेहरा कॅमेऱ्यात दिसतो. टेक पुरे की नाही, हे दिग्दर्शकानेच ठरवावे. पैसे देणाऱ्या नटाला 'अजून एक घेऊ' म्हणताना युनिटमध्ये कोणी अडवत नाही.

ओळखीतल्या घरात भाडे वाचते, पण ट्यूबलाइट आणि फ्रिज ते वसूल करतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, सेकंदाला २४ फ्रेमवर कॅमेऱ्याचे शटर नेहमीच्या १/४८ सेकंदाऐवजी १/५० (१७२.८ अंश) ठेवले नाही तर जुन्या ट्यूबखाली चित्र फडफडते. छोट्या मॉनिटरवर ते निसटते, ग्रेडिंगला, म्हणजे शेवटी रंग-उजेड जुळवताना, सापडते. फ्रिजची घरघर संवादात शिरते, म्हणून तो बंद करून गाडीची किल्ली आत ठेवायची, म्हणजे निघताना चालू करायला कोणी विसरत नाही. प्रत्येक खोलीतली शांतता अर्धा ते एक मिनिट वेगळी रेकॉर्ड करावी. नाही तर संकलनात संवादांमधले सांधे ऐकू येतात.

शनिवारवाड्यासाठी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाची परवानगी लागते. लोहगावच्या हवाई तळामुळे शहराच्या मोठ्या भागात ड्रोनचा शॉट गृहीत धरू नये. दृश्यात बैल किंवा कुत्रा असेल तर पशुकल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी घ्यावी. नंतर धावाधाव केली तरी सेन्सॉरचे प्रमाणपत्र रखडते.

पैसा संपतो तो बहुधा ध्वनी आणि ग्रेडिंगच्या वेळी, कारण शूट संपले की सगळ्यांना चित्रपट झाल्यासारखा वाटतो. त्यापुढे थिएटरसाठी डीसीपी, म्हणजे डिजिटल प्रोजेक्टरवर चालणारी चित्रपटाची प्रत, लागते. तिच्यातल्या चित्राचा डेटा सेकंदाला कमाल २५० मेगाबिट, म्हणजे १०० मिनिटांच्या चित्रपटाचे नुसते चित्रच सुमारे १८७ जीबीपर्यंत जाऊ शकते. कुलूपबंद डीसीपीची किल्ली, म्हणजे केडीएम, ठरावीक सर्व्हरला आणि ठरावीक वेळेपुरतीच चालते. खेळ उद्यावर ढकलला आणि केडीएम आजचीच असली, तर प्रेक्षक खुर्च्यांत आणि पडदा काळा.

महोत्सवातल्या खेळाला केंद्रीय मंत्रालयाची सूट मिळू शकते. पण महोत्सवात चालला म्हणून तोच चित्रपट प्रमाणपत्राविना भाड्याच्या सभागृहात तिकीट लावून दाखवता येत नाही.