इंडल्जन्स म्हणजे पापाची माफी नव्हे

‘मध्ययुगात चर्च पैसे घेऊन पापांची माफी विकत होतं.’ धर्मसुधारणेवरच्या मराठी नोट्समध्ये आणि स्पर्धा परीक्षांच्या व्हिडिओंमध्ये हे वाक्य हमखास येतं. ते चूक आहे: पैशांच्या बदल्यात मिळे ते इंडल्जन्स, म्हणजे पापाच्या दंडातली सूट. शिवाय त्यामुळे १५१७ साली धर्मसुधारणेची सुरुवात करणारा जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथर नेमका कशावर भडकला, तेच कळेनासं होतं.

पापनिवेदन बहुतेकांना ठाऊक असतं: मनापासून पश्चात्ताप, धर्मगुरूसमोर कबुली, मग क्षमा. १२१५च्या चौथ्या लॅटरन परिषदेनं ते वर्षातून एकदा तरी सक्तीचं केलं.

खरी गाठ पुढे आहे. त्या काळचं धर्मशास्त्र पापाचे दोन परिणाम मानी: दोष आणि दंड. दोष पापनिवेदनात मिटतो आणि नरक टळतो. दंड मात्र बराचसा उरतो. तुमची गुरं शेजाऱ्याच्या उभ्या पिकात शिरली आणि त्यानं तुम्हाला माफ केलं, तरी पिकाची भरपाई द्यायची राहतेच ना? ही भरपाई उपास, प्रार्थना, दानधर्म, यात्रा यांतून इथेच करायची, नाहीतर मेल्यावर परगेटरीत, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्मा शुद्ध होतो त्या अवस्थेत. इंडल्जन्स सूट देई ती फक्त या उरलेल्या दंडात, आणि तीही दोष आधी मिटला असेल तरच. पश्चात्ताप नसलेल्याला त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

‘चाळीस दिवसांचं इंडल्जन्स’ म्हणजे परगेटरीतले चाळीस दिवस कमी, हे तर लिहूच नये. ते दिवस पृथ्वीवरच्या प्रायश्चित्ताचे. तितके दिवस प्रायश्चित्त केल्यानं जेवढा दंड फिटला असता, तेवढी सूट.

पश्चात्तापाशिवाय क्षमा नाही, हा नियम इटालियन कवी दान्तेला पक्का माहीत होता. त्याच्या ‘इन्फर्नो’ या नरकावरच्या काव्यात पोप आठवा बोनिफेस ग्वीदो नावाच्या माणसाला पाप करण्याआधीच क्षमा देऊन टाकतो. मेल्यावर सैतानाचा दूत ग्वीदोला ओढून नेतो, कारण पापाची इच्छा आणि पश्चात्ताप एकाच वेळी मनात असू शकत नाहीत.

मग सामान्य माणूस माफीच विकत घेतोय असं का समजला? चूक इंडल्जन्सचा प्रचार करत फिरणाऱ्यांची. १४७६ साली पोप चौथ्या सिक्स्टसनं परगेटरीतल्या मृतांसाठीही इंडल्जन्स लागू केलं. पुढे मृतासाठी पैसे भरणाऱ्याला पश्चात्तापाची गरज नाही, असंही शिकवलं जाऊ लागलं. ल्यूथरनं १५१७ साली मांडलेल्या ९५ मुद्द्यांपैकी ३५वा नेमका याविरुद्ध आहे. इंडल्जन्स मुळातूनच त्यानं तेव्हा नाकारलं नव्हतं: पोपच्या इंडल्जन्सच्या सत्याविरुद्ध बोलणारा शापित असो, असं त्याचा ७१वा मुद्दा म्हणतो.